दहा मिनिटांची नक्कल

क्लिनिकमधल्या मुलीने एक पट्टा मृणालिनीच्या डोक्याला बांधला आणि दुसरा तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या. नियमच तसा होता. फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे सतत अंगभर दुखत राहण्याच्या आजाराचं, प्रमाणपत्र हवं असेल, तर घरच्या एकाने ते दुखणं दहा मिनिटं स्वतः सोसायचं आणि मग सही करायची.

अण्णा नाइलाजाने आले होते. नऊ वर्षं ते एकच सांगत होते, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुझ्या मनाचे खेळ आहेत हे."

यंत्र सुरू झालं आणि मृणालिनीच्या मेंदूतली वेदना त्यांच्या मेंदूत उमटू लागली. त्यांनी आधी मान चोळली, मग खांदे, मग मनगटं. शर्टाची कॉलरसुद्धा सहन होईना, तेव्हा वरचं बटण काढलं.

"नेमकं कुठे दुखतंय तेच कळत नाही गं."

"हो."

"रोज असंच असतं?"

"आज त्यातल्या त्यात बरं आहे."

या क्षणाची तिने कित्येक वर्षं वाट पाहिली होती. आता तो आला होता आणि तिला काहीच वाटत नव्हतं. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

दहा मिनिटं झाली. क्लिनिकमधली मुलगी त्यांचा पट्टा सोडायला आली, तसा अण्णांनी तिचा हात अडवला.

"राहू दे अजून थोडा वेळ. तेवढीच हिला विश्रांती."

"अण्णा, माझं दुखणं तुमच्याकडे गेलेलं नाही," मृणालिनी म्हणाली. "ही नुसती नक्कल आहे. मला दुखतंच आहे."

अण्णांनी त्या मुलीचा हात पट्ट्यापासून बाजूला केला.

"तरी राहू दे," ते म्हणाले.