खालच्या फांद्या

गच्चीवरच्या ग्रीनहाऊसमधली टोमॅटोची रोपं मी तळहातावरच्या फोडासारखी जपली. पहिलीच वेळ होती, म्हणून चार वर्षांच्या लेकीला रोज बजावायचे, "बघायचं, पण हात लावायचा नाही." तरी फुलं यायची आणि गळून पडायची. आज पाहिलं, तर खालच्या फांद्यांना टोमॅटो धरले होते. माझ्या कमरेच्या वर एकही नाही. सासूबाई हसल्या. "अगं, इथे ना वारा, ना मधमाशी. फुलं हलवल्याशिवाय फळ धरेल कसं? खालची कुणीतरी हलवलीत." लेक दारातच उभी होती. "मी नाही हलवली," ती घाईघाईने म्हणाली. "आई, शप्पथ!" तिच्या बोटांवर पानांचे हिरवट डाग होते. मी गुडघ्यांवर बसले. "छान केलंस गं. आता वरची पण हलव बघू, मी उचलते तुला." तिने आधी माझा चेहरा नीट न्याहाळला आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.