दस्त्यावरचा लाल डाग

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या आजोबांनी या रायफलीने ब्रह्मदेशात एक वाघ आणि एक जपानी कर्नल एकाच गोळीत लोळवले होते. हे मी टेक्सासमधल्या प्लेनोच्या गन शोमध्ये कादंबरीला सांगत होतो. पोरगी इथेच जन्मलेली, जुन्या बंदुकांची किंमत ठरवून देते. शेजारी माझी बायको शैलजा हाताची घडी घालून उभी. फ्रिजपेक्षा कमी किंमत आली तर रायफल घराबाहेर, असा तिचा हुकूम होता.

कादंबरीने भिंगातून शिक्का वाचला. "ईशापूरचा कारखाना, १९४३. अशा खूप येतात, काका. शिवाय गंज आहे. फार नाही येणार."

"अगं, दस्त्यावरचा हा लाल डाग बघ! त्या कर्नलचं रक्त. ऐंशी वर्षं कुणाला पुसू दिलं नाही आम्ही."

"रिअली? मग किंमत एकदम वर जाईल!" ती वाकली, डागावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि खो खो हसत सुटली.

"काका, हे कुंकू आहे! मॉम दर दसऱ्याला आमच्या टोयोटाला हेच लावते."