तिसऱ्या दिवसाची भाकरी

भाकरी मोडली नाही. जयानं तिची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ज्वारीची भाकरी, तीही तिसऱ्या दिवसाची, आणि कडेला साधी चीरसुद्धा नाही! डॉ. जया राठोड प्रयोगशाळेत एकटीच होती म्हणून बरं, कारण ती चक्क नाचली.

ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? गव्हात चिकटपणा असतो, ज्वारीत तो नाही. गव्हाचा कणही न घालता तीन दिवस मऊ राहील अशी भाकरी करायची, या एका ध्यासापायी जयानं तीन वर्षं ज्वारीचा पिच्छा पुरवला होता. चाळीस नमुने झाले, चाळीस भाकऱ्यांचे तुकडे झाले. सोमवारी समिती बसणार होती. प्रकल्प गुंडाळला जाणार, हे यवतमाळच्या त्या प्रयोगशाळेत चहावाल्यालाही ठाऊक होतं. आणि आता हा एकेचाळिसावा नमुना! पिशवीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : धनीबाईचं पीठ, फुलसावंगीजवळचा तांडा.

"बियाणंच वेगळं आहे, सर! स्टार्च तपासला, तो इतरांसारखाच. म्हणजे दाण्यात दुसरंच काहीतरी आहे!"

विभागप्रमुख सदाशिवराव एका भाकरीनं हुरळून जाणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन पाहिली, वाकवली, हुंगली.

"बी दाखवा," ते म्हणाले. "खरं निघालं तर सोमवारी मी स्वतः तुमच्या बाजूनं बोलेन."

दोघं त्याच दिवशी निघाले. महागाव येईपर्यंत जयाची त्या नव्या वाणासाठी तीन नावं सुचवून झाली होती. सर खिडकीबाहेर बघत होते. जयाचा आनंद पोटात मावत नव्हता. ज्या तांड्यात ती लहानाची मोठी झाली, तिथलंच बी निघावं!

धनीबाई तिच्या माहेरच्या शेजारच्या काकी. एरवी दोघी आपल्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलायच्या, पण आज सोबत पाहुणे होते, म्हणून काकी वऱ्हाडीवर आल्या. जयानं ओसरीवर बसताबसताच पिशवीतला वजनकाटा काढून पुढं मांडला.

"काकी, तुमच्या ज्वारीचं बी पाहिजे. पसाभरच."

"माहं बी?" काकी हसल्या. "अवं, अख्ख्या तांड्यात एकच बी हाये. सारे माह्याच कोठीतून नेतात."

जयाचा चेहरा उतरला. त्याच तांड्यातल्या आणखी दहा घरांचं पीठ तिनं नेलं होतं. त्या दहाही भाकऱ्या दुसऱ्याच दिवशी मोडल्या होत्या.

"म्हणजे नमुना बिघडलेला," सदाशिवराव उठून पायरी उतरले. "पिठात काहीतरी मिसळलं असणार. चला, जया. सोमवारी काय सांगायचं ते गाडीत ठरवू."

जयानं काटा उचलायला हात पुढं केला, तशा काकी आडव्या आल्या.

"सर, पोरीवर रागावू नका. चूक माही हाये."

"कसली चूक, काकी?"

काकींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू गेल्या खेपेले आलती तं पाच महिन्यांचं लेकरू काखेत होतं तुह्या. अन् घरोघरी फिरून किलो-किलो पीठ मागून राह्यली होती. प्रयोग का काय ते सांगे. मले वाटलं, पोरीच्या घरी काही कमी पडलं अन् सांगाले लाजून राह्यली." त्यांचा आवाज बारीक झाला. "अंगावर पाजणारी माहेरची पोर पीठ मागाले आली, तिले नुसतं पीठ कसं देऊ? मूठभर धावड्याचा डिंक दळला त्यात. बाळंतिणीले देतो तसा."

डिंक! झाडाचा चिकटपणा! तीन वर्षं ती जे दाण्याच्या आत शोधत होती, ते काकींनी बाहेरून घातलं होतं.

"पीठ लय बिघडलं का वं?" काकींनी भीतभीत विचारलं.

जयानं काकींना घट्ट मिठी मारली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

पायरी उतरलेले सदाशिवराव परत वर आले. त्यांनी खाली बसून काट्यावरची धूळ रुमालानं पुसली, आणि अदबीनं म्हणाले,

"धनीबाई, तुमची ती डिंकाची मूठ जरा या काट्यावर सोडता का?"