वरच्या खोलीची रेंज

"बाबा, परत कॅमेऱ्यात आलात!" सून म्हणाली, तेही लॅपटॉपचा माइक बंद करून. माइक चालू असताना ती कोणावरही रागावत नसे. 'आनंदी कुटुंब' या विषयावर ती ऑनलाइन वर्ग घ्यायची आणि त्या वर्गाच्या मागे बनियनमधला सासरा शोभत नव्हता.

"मी कुठे आलो? तो कॅमेराच माझ्याकडे बघतोय," सासरे म्हणाले आणि सोफ्यावर वीतभर सरकले.

सोफा सोडणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. तिथे वायफाय पोचत नसे. त्यामुळे चहा झाला की मोबाइल घेऊन ते हॉलमध्ये ठाण मांडत. फोन आला की तोंडावर हात धरून म्हणत, "आत्ता नको. माणसं आहेत."

"एवढं काय गुपित असतं यांचं?" सुनेने नवऱ्याला विचारलं.

"कोणाचे गुडघे, कोणाची बीपीची गोळी. आणखी काय?" मुलगा म्हणाला. वडिलांविषयी त्याचं मत ठाम होतं. ज्याला पासवर्ड आणि ओटीपी यांतला फरक कळत नाही, त्याच्याकडे गुपित टिकणार कुठून?

"ते काही असो. मला हॉल मोकळा हवाय. काल वर्गात एकीने विचारलं, मागे बसलेले ते काका कोण?"

"मग?"

"म्हटलं, सुतार आलाय."

मुलाने मनावर घेतलं. जुना राउटर भंगारात गेला. नवा आला आणि त्याच्या जोडीला सिग्नल पुढे ढकलणारी दोन पांढरी डबडी. एक जिन्यात, एक वरच्या खोलीत. वायरीसाठी ड्रिल उचलताना तंत्रज्ञाने विचारलं, "भिंतीला भोक पाडू ना, साहेब? घर स्वतःचंच आहे?"

"अर्थात स्वतःचं," मुलगा म्हणाला.

"पाडा, पाडा," सोफ्यावरून वडील म्हणाले. "माझी हरकत नाही."

सुनेने भुवई उडवली. म्हाताऱ्याला हरकत विचारली होती कोणी?

वरच्या खोलीत आता हॉलपेक्षाही जास्त वेग येऊ लागला. सासरे हरखून गेले. मोबाइल हातभर लांब धरून ते घरभर फिरले. स्वयंपाकघर, गच्ची, जिन्याखालचं कपाट, पार संडासाच्या दारापर्यंत.

"कोणाला दाखवताय, बाबा?" मुलाने विचारलं.

"ओळखीचे आहेत. म्हटलं, मुलाने घरात केवढी सुधारणा केलीय, बघा तरी."

मुलाची छाती फुगली. सून पुटपुटली, "माकडाच्या हाती कोलीत!"

त्यानंतर सासरे वरच राहू लागले. दार लावून. जेवायलासुद्धा हाका माराव्या लागत. हॉल मोकळा झाला, सोफ्यावर नव्या उश्या आल्या आणि सूनबाईंनी 'ज्येष्ठांना मोकळेपणा द्या' या विषयावर असा काही वर्ग घेतला की दोघीतिघींनी डोळे पुसले.

"बघ," मुलगा म्हणाला, "चार पैसे गेले, पण पीडा टळली."

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं उभं होतं. बाईच्या हातात मोजपट्टी होती. वरून सासरे उतरत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, चेहरा प्रसन्न.

"या, या. प्रवास नीट झाला ना? हा माझा मुलगा, ही सून."

"कोण आहेत हे, बाबा?" मुलाने विचारलं.

बाईने सोफ्याला वळसा घातला आणि भिंतीला मोजपट्टी लावली. "दुसऱ्या गावी राहून घर शोधायचं म्हणजे डोकेदुखी हो," ती सुनेला म्हणाली. "मोबाइलवर कितीतरी घरं पाहिली, पण चित्र कुठेही न अडकता वरपासून खालपर्यंत दिसलं ते हेच एक, म्हणून तर विकत घेतलं."