नखभर जागा

"काही त्रास?"

"नाही बाई. झकास आहे," ड्रायव्हर म्हणाला.

तिसऱ्या तपासणीलाही हेच उत्तर. हॉस्पिटलात कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून सगळे त्यांना पायवाल्या बाई म्हणत. बाईंनी कागदावर 'त्रास नाही' असं लिहिलं. हा खोटं बोलतोय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्रास असणारच होता. तो त्यांनी स्वतःच्या हातांनी आत ठेवला होता.

तीन वर्षांपूर्वी याच माणसाने दारू पिऊन ट्रक हाणला होता. बाईंचा नवरा जागच्या जागी गेला आणि याचा पाय गुडघ्याखालून गेला. शिक्षा भोगून तो बाहेर आला, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना विचारलं, "दुसरीकडे पाठवू का?" त्या म्हणाल्या, "नको, मीच करते." केवढं मोठं मन, असं जो तो म्हणाला. चर्चच्या पाळकसाहेबांनी तर रविवारच्या संदेशात क्षमेचं उदाहरण म्हणून त्यांचंच नाव घेतलं. पहिल्या बाकावर बाईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

उरलेला पाय ज्या वाटीत बसतो, तिच्यात नडगीच्या टोकापाशी नखभर पोकळी सोडावी लागते. नाही सोडली तर हाड पावलागणिक घासतं. वीस वर्षांत बाई ती पोकळी कधी विसरल्या नव्हत्या. या खेपेलाही विसरल्या नव्हत्या.

बाराची घंटा झाली. हॉस्पिटल मिशनचं, बाराला हातातलं काम ठेवून जो तो जिथल्या तिथे उभा राहायचा आणि शांतीसाठी प्रार्थना व्हायची. या विभागात ती नोंदणीवाल्या मावशी सांगत. सकाळचं वर्तमानपत्र कोळून प्यायलेल्या मावशींची प्रार्थना म्हणजे जगाचा भूगोलच. जिथे जिथे लढाई चालू आहे तो एकेक देश त्या नाव घेऊन देवाच्या हवाली करत. इतक्या लांबच्यांसाठी देवाकडे शब्द टाकायला बाईंची कधीच ना नव्हती. शेवटी मात्र मावशी रोज एक वाक्य जोडायच्या: "आणि प्रभू, इथे ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल, ते तू सरळ कर." त्या वाक्याला बाईंचं 'आमेन' तोंडातच राहायचं.

आज त्यांनी डोळे मिटले नाहीत. चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांमध्ये ड्रायव्हर उभा होता. त्याने दांड्या सोडून हात जोडले. मग चांगल्या पायाची टाच उचलली आणि सगळा भार बनावट पायावर टाकला. त्याचा जबडा आवळला गेला. मावशींचे देश संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मावशी आपल्या टेबलाकडे गेल्यावर बाईंनी विचारलं, "असं का उभे राहिलात?"

"तुमच्या मालकांसाठी. रोज राहतो, बाराला. घरी असलो तरी."

"दुखत असेल."

"दुखायलाच पाहिजे ना, बाई. तुम्ही ठेवलंय म्हणजे विचार करूनच ठेवलं असणार."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो चिडेल, शिव्या देईल, तक्रार करील, या सगळ्याची बाईंनी मनोमन तयारी केली होती. त्यांचा सूड कुणी असा हात जोडून स्वीकारील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"बसा. काढा तो पाय."

त्या त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. मोजा निघता निघेना. तो चिकटला होता. खाली कोटाच्या बटणाएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या. बाईंना स्वतःच्या हातांची किळस आली.

"मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तुमची नोकरी गेली असती. तुमच्या घरातला माणूस मी नेलाच आहे. आता नोकरीही नेऊ?"

बाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली. मग वाटी मांडीवर घेऊन आतून कानस चालवायला लागल्या. कुठे घासतंय हे शोधायला आधी रंग लावून खूण करतात. त्यांना खुणेची गरज पडली नाही. जागा पाठ होती. पांढरी पूड त्यांच्या पदरावर सांडत होती आणि डोळ्यांतलं पाणी तिच्यात पडत होतं. ते पुसायला हात मोकळे नव्हते, आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं. मधूनमधून त्या आत बोट फिरवून बघत आणि पुन्हा घासत.

"चारच पावलं," पाय चढवून त्या म्हणाल्या. "मग जखम भरेपर्यंत घालायचा नाही."

तो उठला. दांडी धरून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला थांबला. भार त्या पायावर दिला, पुन्हा देऊन पाहिला. मग त्याने वळून बघितलं. काहीतरी हरवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"बाई, दुखत नाहीये."

"हं."

"मग आता बाराला मी काय करू?"

बाई अजून गुडघ्यांवरच होत्या.

"माझं नाव घ्या," त्या म्हणाल्या.