हवेशीर घर

मंदी आल्यापासून मुलुंडच्या त्या टॉवरमधले निम्मे फ्लॅट विकायला निघाले होते आणि बघायला कुत्रंही फिरकत नव्हतं. नोकरी गेलेल्या प्रीतमला मात्र चंद्रप्रकाश नावाचं गिऱ्हाईक सापडलं. त्यांनी भाव तर पाडलाच, वर एक अटही घातली. "घरात कुणाचा मृत्यू झालेला नको. आमची मिसेस असल्या घरात पाऊल टाकायची नाही."

"छे हो साहेब! वडील आहेत आजारी, पण ठणठणीत होतील."

टोकन द्यायला ते यायचे होते त्याच सकाळी जान्हवी सासऱ्यांना चहा द्यायला गेली आणि कप तसाच घेऊन परत आली.

"नाना गेले रे."

"ओरडू नकोस. व्हीलचेअर आण. जे झालं ते हॉस्पिटलात झालं म्हणायचं."

"अरे, बाप आहे तुझा!"

"माहितीये. त्यांचा काळा चष्मा कुठंय?"

चष्मा, माकडटोपी, पायांवर शाल. दोघांनी नानांना लिफ्टपर्यंत ढकलत नेलं. दार उघडलं, तर आत पेढ्यांचा पुडा घेऊन चंद्रप्रकाश उभे! नानांना बघताच ते पाया पडायला वाकले.

"आशीर्वाद द्या नाना, घर लाभू दे." मग त्यांनी दचकून वर पाहिलं. "अहो, पाय किती गार आहेत यांचे!"

जान्हवीने डोळे घट्ट मिटून घेतले.



"घर हवेशीर आहे ना साहेब," प्रीतम म्हणाला. "मे महिन्यातसुद्धा एसी लागत नाही."