मागचा तानपुरा

यवतेश्वरच्या चढावर मंदाताईंना मागे टाकून त्यांचा धावण्याचा गट आजही पुढे गेला. मनगटावर बांधायच्या नव्या यंत्रानं प्रत्येकाच्या पावलांतून एकेक वाद्य उभं केलं होतं, आणि जवळ धावणाऱ्यांना ती सगळी एकत्र कानात ऐकू येत होती. अश्लेषाच्या वाट्याला सतार आली, रोहिदासच्या वाट्याला बासरी. मंदाताईंना मात्र नुसता तानपुरा. ‘इथंही मागंच बसा,’ असं पुटपुटत त्या दमून चालू लागल्या.

वळणापलीकडे सगळे जागच्या जागी पावलं टाकत खोळंबले होते.

“मंदाताई, राहिलात कुठं?” रोहिदास म्हणाला. “तुम्ही मागं पडलात की सगळंच बेसूर होतंय. सतारीचं बासरीशी जुळेना.”

त्या जवळ पोचल्या तसे सूर जुळले आणि सगळ्यांचे चेहरे खुलले.

“जरा दम खा आता,” अश्लेषा म्हणाली.

वर देवळाचा कळस दिसत होता. तिथवर मंदाताई आजवर कधीच धावत गेल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

“दम वर जाऊन खाऊ. सूर पाहिजे असेल तर या माझ्या मागनं.”

आणि त्या सुटल्या. मागून सतार, बासरी, सगळा ताफा धापा टाकत त्यांना गाठायला धावला.